सायकलवेड्यांचे फोटो काढायचेत? मग आधी त्यांची सायकल बघायला शिका

भिंतीला टेकवलेली सायकल आणि मागं संध्याकाळचं ऊन, असा फोटो कुणालाही जमतो, त्याबद्दल इथं काही सांगायचं नाहीये. सांगायचंय ते अशा लोकांचे फोटो कसे काढायचे याबद्दल, ज्यांनी सायकलभोवती आपलं एक अख्खं वेगळं जग उभं केलंय. लॉस एंजेलिसच्या चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांच्या) वस्त्यांमधल्या क्रोमनं मढवलेल्या, बुटक्या लोरायडर सायकली, टोरांटो न्यूयॉर्क बर्लिनचे सायकलवरून पार्सलं पोचवणारे सायकल मेसेंजर, जपानचं केइरिन म्हणजे पैसे लावून बघायची ट्रॅकवरची सायकल रेस, इटलीतल्या टस्कनीच्या कच्च्या रस्त्यांवर जुन्यापान्या रेसिंग सायकली हाणणारी मंडळी, मिनियापोलिसच्या ब्लॅक लेबल बाइक क्लबसारखे लोक जे एका फ्रेमवर दुसरी फ्रेम वेल्ड करून पुरुषभर उंच सायकल बनवतात आणि वर बसून हातात भाले घेऊन एकमेकांवर चालून जातात. यादी संपत नाही.

या सगळ्यांचे फोटो नेटवर ढिगानं आहेत आणि बरेचसे एकसारखेच दिसतात, कारण काढणाऱ्याला माणूस जरा हटके वाटला, टॅटू दिसले, रंगवलेले केस दिसले, की त्यानं क्लिक केलं. सायकल बिचारी नुसती मध्ये आलेली असते, अर्धी कापलेली. आता तोच फोटो त्या गटातल्या माणसानं बघितला की त्याला काय दिसतं? की ज्या चाकावर आपण महिनोन्महिने खपलो ते फ्रेमच्या बाहेर आहे, आणि फोटो डाव्या बाजूनं काढलाय म्हणजे चेन, गिअर, क्रँक (पेडलचा दांडा) सगळं पलीकडं लपलंय. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की त्या गटाला नक्की कशाचा अभिमान आहे ते आधी ओळखायचं, कॅमेरा त्यानंतर बाहेर काढायचा. लेन्स कुठली, शटर किती, कुठं उभं राहायचं, हे सगळं त्यावरून ठरतं, उलट नाही.

याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे वेंडी क्रॅग. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ १९७०च्या दशकात काही पोरं जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची, २१ ऑक्टोबर १९७६ला त्यांनी रिपॅक नावाची पहिली रेस घेतली आणि पुढं त्यातूनच माउंटन बायकिंग उभं राहिलं. उतारावर मागच्या हबमधला (चाकाच्या मधल्या तुंब्यातला) ब्रेक एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. क्रॅग त्याच गावात राहणारी, त्याच सायकलींवर त्यांच्यासोबत चढणारी, आणि तिनं काढलेले फोटो आज त्या काळाचा सगळ्यात मोठा पुरावा आहेत. बाहेरून आलेल्या माणसाला एवढं सहज कुणी जवळ येऊ दिलं नसतं, आणि उतारावर कुठल्या वळणावर थांबायचं हे तर तो उतार स्वतः उतरल्याशिवाय कळतच नाही.

आधी गट समजून घ्या

लोरायडरपासून सुरू करू, कारण इथं बघण्यासारखं खूप आहे. १९६३ला श्विन कंपनीनं स्टिंग-रे काढली, छोटी चाकं, केळ्याच्या आकाराची लांब सीट, उंच हँडल, आणि ज्या पोरांचं अजून गाडी चालवायचं वय नव्हतं त्यांनी घरातल्या मोठ्यांच्या लोरायडर गाड्या बघून हीच सायकल सजवायला घेतली. एखादी शो-मधली सायकल जवळून बघा. हँडल, फोर्क, सीटमागची कमान, सगळे बार पीळ दिलेले असतात आणि वर क्रोम. चाकात साधारण सायकलला ३६ स्पोक (आऱ्या) असतात, इथं १४४ असतात, त्यामुळं चाक जाळीसारखं न दिसता चकाकणाऱ्या तबकडीसारखं दिसतं. सीटला मखमल, पेंटमध्ये चमकीचे कण, त्यावर रंगाचे पारदर्शक थर, आणि कित्येकदा खाली आरसे ठेवलेले, कारण मालकाला खालची बाजू पण दाखवायची असते. ही सायकल वेगात पळवायची वस्तूच नाही. ती हळू चालवायची आणि लोकांनी बघायची. म्हणजे इथं पॅनिंग (सायकलसोबत कॅमेरा फिरवणं), वेग, धूसर बॅकग्राउंड असले प्रकार केले की विषयच हुकला.

मग करायचं काय? पहिली अडचण क्रोमची. लोकांना वाटतं लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला की चमक मारली जाईल, पण उघड्या धातूवरच्या प्रतिबिंबावर पोलरायझरचा काही उपयोग होत नाही, तो काच, पाणी, पेंटवरचं क्लिअरकोट अशा ठिकाणी चालतो. क्रोम म्हणजे आरसा, त्यात समोर जे असेल ते दिसणार, म्हणून क्रोममध्ये काय दिसावं हे तुम्ही ठरवायचं. मोकळी सावली शोधा, समोर आकाश किंवा फिकट भिंत येईल अशी सायकल फिरवून घ्या (मालकाला विचारून, स्वतः हात लावायचा नाही, कधीच नाही), लांब लेन्स लावून मागं जा आणि शक्यतो काळे कपडे घाला, म्हणजे प्रत्येक वाकड्या पाइपात तुमचा शर्ट दिसणार नाही. पण गंमत अशी की ती चमकीची पेंट सावलीत मेल्यासारखी दिसते, तिला थेट कडक ऊनच लागतं, तेव्हाच एकेक कण पेटतो. त्यामुळं एकाच सायकलचे दोन वेगळे फोटो, क्रोमसाठी सावलीत आणि पेंटसाठी उन्हात. एकाच फोटोत दोन्ही आणायचा हट्ट केला की दोन्ही जातं.

आता मेसेंजर लोकांचं बघा, सगळं उलटं. तिथं चकचकीत सायकल म्हणजे नवखा. टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या आडव्या पाइपवर) स्टिकरचे थर, खांबाला टेकवून टेकवून उडालेला रंग, आणि मागच्या चाकात स्पोकच्या मध्ये अडकवलेली कार्डं. ही स्पोक कार्डं नीट बघा हां, कारण प्रत्येक कार्ड म्हणजे एकेक अॅलीकॅट रेस, त्या माणसानं कुठं कुठं भाग घेतला त्याची सगळी नोंद त्या चाकात असते, आणि पोर्ट्रेटच्या आधी या चाकाचा क्लोजअप घेतला तर समोरचा माणूस आपोआप बोलायला लागतो.

अॅलीकॅट हा प्रकार १९८९ला टोरांटोत सुरू झाला. मेसेंजरांचं रोजचं काम हीच रेस, सुरुवातीला हातात एक कागद मिळतो ज्याला मॅनिफेस्ट म्हणतात, त्यावर चेकपॉइंट लिहिलेले असतात आणि कुठल्या रस्त्यानं जायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. नवीन फोटोग्राफर स्टार्टलाच सगळे फोटो संपवतो आणि मग त्यांच्यामागं धावायला बघतो, ते जमत नाही आणि जमवू पण नये, भर ट्रॅफिकमध्ये एका हातात कॅमेरा घेऊन सायकल चालवणं म्हणजे स्वतःसोबत दुसऱ्यालाही धोक्यात घालणं. खरा फोटो असतो मॅनिफेस्ट हातात पडल्यानंतरच्या त्या काही सेकंदांत, जेव्हा सगळे खाली वाकून, कुणी जमिनीवर गुडघे टेकून, कुणी दुसऱ्याच्या पाठीवर कागद ठेवून पेननं क्रम लावत असतो आणि सगळं शहर डोक्यात फिरत असतं. तो घ्या आणि मग थेट एका चेकपॉइंटवर जाऊन थांबा. तिथं प्रत्येक जण येणारच आहे, घामानं डबडबलेला, कागद पुढं करून सही मागणारा, आणि ३५ एमएम लेन्सनं दोन हातांच्या अंतरावरून ते सगळं मिळतं.

एक गोष्ट मात्र पाळाच. अशा रेसमध्ये लोक सिग्नल तोडतात. ओळखू येणारा चेहरा, मागं लाल दिवा आणि अंगावर कंपनीची बॅग, असा फोटो टाकला तर त्या माणसाची नोकरी जाऊ शकते. तो फोटो कितीही भारी असला तरी आधी त्याला दाखवा, नाही म्हणाला तर सोडून द्या. ज्यांना हे टेन्शन नको त्यांनी सायकल मेसेंजर वर्ल्ड चॅम्पियनशिपसारख्या स्पर्धा बघाव्यात, ही १९९३ला बर्लिनमध्ये पहिल्यांदा झाली आणि तेव्हापासून शहरं बदलत होत आलीय, मुख्य रेस बंद रस्त्यांवर असते, म्हणजे निवांत काम करता येतं. फावल्या वेळात हीच मंडळी हार्डकोर्ट पोलो म्हणजे सायकलवरचा पोलो खेळताना सापडतात, एका बाजूला तीन जण, आणि पाय जमिनीला टेकला की कोर्टाच्या कडेला जाऊन ठराविक जागी टॅप केल्याशिवाय परत खेळता येत नाही, तर बॉलमागं न धावता त्या टॅपच्या जागेजवळ बसा.

केइरिनला जवळीक विसराच. १९४८ला कोकुरा शहरात सुरू झालेला हा जुगाराचा खेळ आहे, लोक पैसे लावतात, म्हणून रेसच्या दिवसांत खेळाडूंना एका ठिकाणी ठेवतात, फोन काढून घेतात आणि बाहेरच्यांशी संपर्क बंद. जास्तीत जास्त नऊ खेळाडू, आणि नंबरप्रमाणे रंग ठरलेले, १ पांढरा, २ काळा, ३ लाल, ४ निळा, ५ पिवळा, ६ हिरवा, ७ केशरी, ८ गुलाबी, ९ जांभळा. हे पाठ करून जा, कारण प्रेक्षक नावापेक्षा रंगानं ओरडतात आणि फोटोत पण रंगानंच कोण कुठं आहे ते कळतं. शेवटच्या दीड फेरीला घंटा वाजायला लागते आणि तिथून सगळं फुटतं, तोपर्यंत बर्स्ट मोड (एका दमात भराभर फोटो) वाचवून ठेवा. मध्ये जाळी असेल तर लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा आणि अपर्चर पूर्ण उघडा, जाळी गायब होते. फ्लॅश अजिबात नाही. आणि खरं सांगू का, केइरिनमधले माझे आवडते फोटो ट्रॅककडं पाठ करून काढलेले असतात, हातात पेपर आणि पेन्सिल घेऊन गणित मांडणारे म्हातारे आजोबा, ज्यांच्या चेहऱ्यावर अख्खी रेस दिसते. फक्त तिथं नियम विचारून घ्या आणि लोकांचे चेहरे घेताना मान हलवून का होईना परवानगी घ्या.

टस्कनीतली एरोइका ही जुन्या सायकलींची राइड वेगळ्याच कारणानं सुंदर आहे. १९९७पासून गायोले इन कियांती गावातून निघते, १९८७च्या आधीच्या बनावटीच्या रेसिंग सायकलीच चालतात, गिअरचे लिव्हर खालच्या पाइपवर, पेडलला पट्टे, ब्रेकच्या वायरी हँडलच्या वरून कमान करून बाहेर आलेल्या. लोकरी जर्सी, चामड्याचे बूट. इथं दोन वेळा सोन्यासारख्या आहेत. लांब पल्ल्याचे लोक पहाट व्हायच्या आधीच निघतात आणि ब्रोलिओच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या चढावर कडेनं दिवे लावलेले असतात, तिथं आयएसओ खुशाल वाढवा, ६४०० झाला तरी चालेल, फ्लॅश मारून तो उजेड मारू नका. आणि दुसरी वेळ दुपार उलटल्यावर, पांढऱ्या मातीचे रस्ते, सूर्य समोर घेऊन उभं राहिलं की उडालेली धूळ मागून उजळते आणि त्यात सायकलवाल्याची फक्त आकृती उरते. लेन्स बदलायची असेल तर गाडीत किंवा पिशवीच्या आत बदला, ती धूळ पिठासारखी बारीक असते आणि सेन्सरवर बसली की दिवसभराच्या सगळ्या फोटोंत ठिपके.

चालती सायकल

पॅनिंग सगळ्यांना माहीत असतं, सायकलच्या वेगानं कॅमेरा फिरवायचा म्हणजे माणूस स्पष्ट आणि बॅकग्राउंड ओढलेलं. शहरातल्या साध्या वेगाला शटर १/३० ते १/६० सेकंदापासून सुरू करा, हात बसला की १/१५ पर्यंत जा. कंबरेतून फिरायचं, मनगटातून नाही, आणि क्लिक झाल्यावरही फिरत राहायचं, बहुतेकांचा फोटो तिथंच बिघडतो कारण बटन दाबताना हात थांबतो. फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर, लेन्समध्ये पॅनिंगसाठी वेगळा स्टॅबिलायझर मोड असेल तर तो.

पण जरा चाकाचं समजून घ्या, कारण सायकलच्या फोटोत सगळा जीव चाकात आहे. ताशी ३० किमीनं जाणारी सायकल सेकंदाला साधारण ८.३ मीटर जाते, म्हणजे १/१००० सेकंदात ८ मिलिमीटर आणि १/६० सेकंदात जवळजवळ १४ सेंटिमीटर. आता फिरणाऱ्या चाकाचा जो बिंदू जमिनीला टेकलेला असतो तो त्या क्षणी थांबलेला असतो, आणि सगळ्यात वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगानं पुढं जात असतो. त्यामुळं कॅमेरा स्थिर धरून १/२५० वगैरेनं आडवा फोटो काढला तर चाकाचे खालचे स्पोक स्पष्ट मोजता येतात आणि वरचे धुरकट होतात. पॅनिंग केलं तर मात्र चाक सगळीकडून सारखं धूसर होतं कारण कॅमेरा सायकलसोबत चाललाय. हे दोन वेगळे फोटो आहेत आणि दोन्ही खरे आहेत, पण काय हवंय ते आधी ठरवा. सगळ्यात वाईट म्हणजे १/२०००ला गोठवलेलं चाक, त्यात सायकल उभी करून माणसाला वर चढवल्यासारखं दिसतं. अपवाद बीएमएक्सचा, म्हणजे उड्या मारायच्या छोट्या सायकलींचा, तिथं माणूस हवेत असतो, चाकांपेक्षा अंगाचा पीळ महत्त्वाचा असतो, तिथं १/१०००च्या वर जायलाच लागतं आणि जमिनीचा थोडा तुकडा फ्रेममध्ये ठेवायचा, नाहीतर किती उंच उडाला ते कळत नाही.

अजून एक, सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बऱ्याच कॅमेऱ्यांत ओळ-ओळ करून चित्र वाचतं, तेवढ्या वेळात चाक फिरतं आणि स्पोक केळ्यासारखे वाकडे येतात. मेकॅनिकल शटर वापरा. बंदिस्त ट्रॅकवर तर एलईडी दिव्यांमुळं पट्टे पण येतात.

पायाकडं लक्ष द्या. तुमच्या बाजूचा पाय खाली सरळ झालेला असतो तेव्हा शरीर लांब आणि ताकदवान दिसतं, वर आलेला गुडघा कोपराला भिडलेला असला की सगळं आखडलेलं दिसतं. एका सेकंदात साधारण दीड फेरी पेडल फिरतं, त्यामुळं एक क्लिक करून नशिबावर सोडू नका.

रात्रीच्या राइडला मंद शटर आणि फ्लॅश एकत्र चालवा, १/१५, फ्लॅश रिअर कर्टनवर म्हणजे एक्स्पोजर संपताना उडेल असा, मग दिव्यांच्या रेषा माणसाच्या मागं राहतात. पण फ्लॅश नवख्या चालकाच्या तोंडावर मारू नका, उतारावर तर नाहीच, दोन सेकंद त्याला काही दिसत नाही.

उभी सायकल

याचे अलिखित नियम आहेत आणि सायकलवाले ते फार मनावर घेतात. उजवी बाजू कॅमेऱ्याकडं, कारण चेन तिकडं असते. चेन पुढच्या मोठ्या चकतीवर. क्रँक पुढं आडवा, जमिनीला समांतर, किंवा सीटच्या पाइपच्या रेषेत, उगाच कसातरी लोंबकळत नको. दोन्ही चाकांचे हवा भरायचे व्हॉल्व्ह सारख्या जागी, शक्यतो खाली. हँडल सरळ. बाटली, पिशवी, कुलूप काढून ठेवलेलं. कॅमेरा टॉप ट्यूबपेक्षा थोडा खाली, आणि फुल-फ्रेमवर ८५ एमएम लावून साधारण ५ मीटरवरून, म्हणजे अख्खी सायकल बसते आणि चाकं गोल राहतात. जवळ जाऊन वाइड लेन्सनं काढली की पुढचं चाक अंडाकृती होतं आणि ज्यानं फ्रेम हातानं बनवलीय त्याच्या काळजात कळ येते. बॅकग्राउंडला आडव्या विटा, दुकानाच्या शटरच्या पट्ट्या, रेलिंग असलं काही नको, सायकलच मुळात बारीक रेषांची असते, मागं अजून रेषा आल्या की ती हरवते.

हे सगळं लोरायडर, केइरिनची ट्रॅक सायकल, एरोइकाची जुनी रेसर यांना लागू. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या स्क्रेपर बाइक्सना मात्र नाही. तिथं पोरांनी चाकांत चमकता कागद, पुठ्ठा, चॉकलेटची वेष्टनं, स्प्रे पेंट लावून स्वतः चाकं सजवलेली असतात, सगळी मजा त्या भरलेल्या चाकांत आणि एकामागून एक रांगेनं जाण्यात, म्हणून तिथं सायकलपासून माणूस तोडू नका आणि एकट्याला रांगेतून काढून उभं करू नका. लंडनमध्ये एका चाकावर सायकल उचलून शेकड्यानं फिरणारी पोरं पण तशीच, 'चाकू खाली, सायकली वर' ही त्यांची घोषणा आहे, आणि ती का आहे हे समजून घेतल्याशिवाय त्यांना गुंडांची टोळी म्हणून दाखवणारे फोटो काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ही बहुतेक शाळकरी वयाची मुलं आहेत. आईबापांची परवानगी नसेल तर चेहरा नाही, शाळेचा युनिफॉर्म नाही, घराचा रस्ता ओळखू येईल असं काही नाही.

गर्दी आणि रात्र

क्रिटिकल मास सप्टेंबर १९९२ला सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रस्त्यावर उतरायचं, आता जगभर कित्येक शहरांत होतं. गर्दीच्या मध्ये राहून काढलेल्या फोटोत नुसत्या पाठी येतात. पुलावर चढा, किंवा चौकात आधी पोहोचा, जिथं दोन-तीन जण गाड्यांसमोर सायकल आडवी लावून उभे राहतात म्हणजे बाकीचे एकत्र पुढं जातील. त्या उभ्या माणसाचा आणि समोरच्या गाडीवाल्याचा संवाद, हसणं असो की भांडण, तिथं सगळं क्रिटिकल मास आहे. बुडापेस्टला शेवटी हजारो लोक एकाच वेळी सायकली डोक्यावर उचलतात, त्यासाठी आधीच उंच जागा धरून ठेवा, नंतर हलताही येत नाही. घरच्या मंडळींची गर्दी हवी असेल तर बोगोटाची सिक्लोव्हिया, १९७४पासून चालू आहे, रविवारी आणि सुट्टीला सकाळी ७ ते दुपारी २, शंभरहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद, तिथं घाई नाही, एका कोपऱ्यावर बसून राहा आणि सकाळचं तिरकं ऊन येऊ द्या.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या राइडवर मात्र जरा जास्त बोलायचंय. १८९१ला सुरू झालेली, आता दर चार वर्षांनी होते, २०२३ला झाली, पुढची २०२७ला, साधारण १२०० किलोमीटर आणि जास्तीत जास्त ९० तास. जिंकणं वगैरे काही नसतं, वेळेत पूर्ण करायचं, ठराविक ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. रात्री अंधारात सगळ्यांना परावर्तक जॅकेट घालावं लागतं आणि इथं फोटोग्राफर फसतो, कॅमेऱ्यावर लावलेला फ्लॅश मारला की ते पट्टे पांढरेफटक जळतात आणि माणूस काळा राहतो. कारण ते कापड उजेड जिथून आला तिथंच परत पाठवतं, म्हणजे सरळ तुमच्या लेन्समध्ये. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, हात लांब करून किंवा मित्राच्या हातात देऊन बाजूला न्या, कोन बदलला की पट्टे शांत होतात आणि चेहरा दिसतो.

पण तिथले खरे फोटो रस्त्यावर नाहीत, कंट्रोलच्या (शिक्का घ्यायच्या ठिकाणच्या) शाळांमध्ये आणि हॉलमध्ये आहेत. शिक्का घेताना थरथरणारा हात, सुपाच्या ताटलीशेजारी डोकं ठेवून झोपलेला माणूस, शूज काढून पायाकडं बघत बसलेली बाई, रात्री घरासमोर टेबल मांडून अनोळखी सायकलवाल्यांना कॉफी देणारी फ्रेंच कुटुंबं. झोपलेल्या माणसाचा फोटो काढायचा की नाही यावर माझं मत पक्कं आहे, ओळखू येईल असा चेहरा त्याला विचारल्याशिवाय कुठं टाकायचा नाही. हात, बूट, कार्ड, गळ्यात अडकवलेला दिवा यांतून सगळं सांगता येतं. आणि कुणाला मदत लागली तर कॅमेरा खाली.

रस्त्याच्या कडेला पांढरी रंगवलेली सायकल दिसली तर ती घोस्ट बाइक, तिथं कुणीतरी सायकलवर असताना गेलंय. २००३ला सेंट लुइसमध्ये ही पद्धत सुरू झाली. फुलं सरकवू नका, सायकल हलवू नका, समोर मॉडेल उभी करू नका. लांबून, रस्ता आणि चालू ट्रॅफिक दिसेल असा फोटो घ्या, कारण ती जागा हाच मुद्दा आहे.

सामान, परवानगी आणि नंतरचं

सामान कमी. एक बॉडी, ३५ आणि ८५ एमएमच्या लेन्स, पाऊस-चिखलासाठी प्लॅस्टिकचं कव्हर (बेल्जियमच्या सायक्लोक्रॉसला, म्हणजे चिखलातल्या सायकल रेसला, गेलात तर चिखल तुमच्यापर्यंत येणारच, पुढच्या काचेवर साधा संरक्षक फिल्टर लावा). सायकलवर असताना कॅमेरा पाठीवर आडव्या पट्ट्यानं घट्ट, छातीवर लोंबकळता नको, पडलात तर बरगडी मोडते. चालवताना फोटो नाही. पुढं जा, थांबा, उतरा, काढा, परत गाठा. चालता चालताच फोटो हवे असतील तर कोपनहेगनसारख्या ठिकाणी कार्गो बाइकच्या पेटीत बसायची सोय असते, चालवणारा दुसरा आणि तुम्ही दोन्ही हात मोकळे, डोळ्यांची उंची पण पेडलच्या जवळ येते.

कायद्याचं म्हणाल तर देशागणिक फरक आहे. अमेरिकेत सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला साधारणपणे अडचण नाही, जर्मनीत मात्र ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला बहुतेक वेळा त्याची परवानगी लागते, मोर्चा-मिरवणुकीच्या गर्दीला सूट असते. जायच्या आधी तिथला नियम वाचून जा.

फोटो निवडताना एक तरी फेरी त्या गटातल्याच कुणाला तरी सोबत घेऊन करा. तुम्ही ज्याला फालतू म्हणून बाजूला टाकलंय त्यात तो दोन-तीन तरी परत काढायला लावतो, कारण त्याला त्यात एखादी दुर्मिळ क्रँक दिसते, नाहीतर एकमेकांशी वर्षभर न बोललेले दोघं एकाच फ्रेममध्ये दिसतात.

कॅप्शन नीट लिहा. नुसतं 'सायकलस्वार, लॉस एंजेलिस' असं लिहून भागत नाही. फ्रेम कुठली, साधारण कुठल्या काळातली, पेंट कुणी केला, चाक कुणी बांधलं, गटाचं नाव काय, आणि माणसाचं नाव त्यानं सांगितलं तसंच, त्यालाच स्पेलिंग विचारून, टोपणनाव हवं असेल तर टोपणनाव. हे तिथल्या तिथं फोनवर रेकॉर्ड करून घ्या, घरी आल्यावर आठवत नाही. आणि फोटो पाठवायचं कबूल केलं असेल तर आठवड्याच्या आत पाठवा, मोठ्या साइजमध्ये, वॉटरमार्क न टाकता, म्हणजे त्यांना प्रिंट काढून क्लबच्या भिंतीवर लावता येईल.